डेटा सेंटरचं इलेक्ट्रिकल डिझाइन सांभाळताय? मग या चुका टाळा

दोन युपीएस, दोन पॅनल, ए आणि बी असे दोन वेगळे पाथ, एसएलडीवर, म्हणजे सगळी वीजजोडणी एकेका रेघेत दाखवणाऱ्या ड्रॉइंगवर, सगळं टकाटक. तरी दर प्रोजेक्टला तीच बोंब. कारण बारक्या कंट्रोल सप्लायकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

माझ्याच एका साइटवरची गोष्ट सांगतो. आयएसटी चालू होती, म्हणजे हँडओव्हरआधी सगळ्या सिस्टिम एकत्र चालवून बघतात ती टेस्ट, खोटा लोड देणाऱ्या लोड बँका लावलेल्या, क्लायंट शेजारी उभा. ए साइड मुद्दाम पाडली, लोड बीवर मस्त गेला, आम्ही खुश, आणि थोड्याच वेळात हॉलचं तापमान चढायला लागलं. बघतो तर कूलिंग युनिट सगळी गप्प! फॅनना पॉवर होती हो, पण त्यांना चालवणारा कंट्रोलरच मेलेला, त्याचं पॅनल एकट्या ए वर. मेकॅनिकलवाल्यांनी मेलमध्ये 'एक सिंगल फेज सप्लाय द्या' एवढंच लिहिलेलं, आमच्या पोराने जवळच्या डीबीतून, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्डातून, देऊन टाकला, आणि त्या ड्रॉइंगवर सही माझी.

तेव्हापासून ड्रॉइंग सोडायच्या आधी मोठी प्रिंट काढतो, लाल पेन्सिलने ए, निळ्याने बी, मेन पॅनलपासून शेवटच्या कंट्रोल पॅनलपर्यंत हाताने रेघ ओढत जातो. ब्रेकरच्या ट्रिपिंगचा डीसी सप्लाय, एटीएसचा (एक सप्लाय गेला की आपोआप दुसऱ्यावर नेणारा स्विच) कंट्रोलर, डिझेलचा पंप, काही सोडत नाही. नवीन पोरं हसतात, सॉफ्टवेअर आहे की म्हणतात. अरे, जे मॉडेलमध्ये टाकलंच नाही ते सॉफ्टवेअरला दिसणार कुठून?

लोडचं गणितही असंच. ए वर 60 टक्के, बी वर 60 टक्के, दोन्हीकडे हिरवं दिसतं म्हणून सगळे निवांत. एक साइड गेली की उरलेलीवर 120, झालं कल्याण. आणि हे एकदम होत नाही, लोड लिस्ट रिव्हिजनगणिक गुपचूप वाढत जाते, चिलर बदलला तरी आपल्याला कळतं केबल टाकून झाल्यावर. मी दर आठवड्याला मेकॅनिकलवाल्यांच्या शेजारी खुर्ची टाकून लिस्ट ओळीने वाचून घेतो, मेलवर विश्वास नाही.

जुन्या प्रोजेक्टचं एसएलडी कॉपी-पेस्ट करणाऱ्यांना तर हात जोडतो. ट्रान्सफॉर्मर बदलला की फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्ट सर्किट झालं तर वाहणारा करंट, बदलते, हे कॉलेजात शिकलात ना?

ब्रेकर फॅक्टरी सेटिंगवरच सोडू नका, नाहीतर खाली फॉल्ट आणि ट्रिप होतो वरचा मेन.

केबलचं डीरेटिंग, म्हणजे उष्णतेमुळे तिची क्षमता कमी धरणं, नीट करा, इथला लोड 24 तास सपाट असतो, डक्टमधल्या केबलला थंड व्हायला रात्र मिळत नाही.

डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, घेताना स्टँडबाय रेटिंगचा मोठा आकडा बघून हुरळू नका, तो फक्त अडीअडचणीला थोडे तास चालवण्यापुरता असतो.

आणि व्हेंडरचं ड्रॉइंग आलं की आधी केबल एंट्री वरून आहे की खालून ते बघा, ट्रे लावून झाल्यावर नाही.