पूर ओसरल्यावर: पंचनाम्यापासून सातबारापर्यंत बाईचं नाव कसं लावून घ्यावं

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 फुटांवर धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 2019 आणि 2021 साली पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. पाणी उतरलं की पंचनामे सुरू होतात आणि पंचनाम्यात आधी विचारतात ते खातेदाराचं नाव. करवीर असो की शिरोळ, बहुतेक घरांत हे नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं असतं. कधी कधी दहा वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्याचं. ऊस बाईनं भांगललेला असतो, जनावरं छावणीत तिनं नेलेली असतात, पण मदत कागदावरच्या नावाच्या मागं जाते.

हा लेख विधवा, माहेरचा हिस्सा असलेल्या लेकीबाळी आणि नवऱ्यानं टाकलेल्या बायका यांच्यासाठी आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं धरून ठेवा: पुराची मदत ही एक गोष्ट आणि जमिनीचा हक्क ही दुसरी. मदत एक वेळ दुसऱ्याच्या खात्यावर गेली तर भांडून मिळवता येते. हक्क सोडल्याची सही एकदा नोंदली गेली की ती माघारी घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

पंचनाम्याच्या वेळी हजर राहा

तलाठी (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक आणि कृषी सहायक एकत्र येतात. त्यांच्यासमोर दीर बोलत असेल तरी तुम्ही तिथं उभ्या राहा. जमीन कोण कसतं आणि घरात कोण राहतं, हे पंचनाम्यात लिहून घ्यायला सांगा. चिखलाच्या रेषेसह घराचे, पिकाचे फोटो काढा. पंचनाम्यात तुमचं नाव आलं नाही तर त्याच आठवड्यात तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेल्या अर्जाला पुढं काहीच वजन राहत नाही.

एकाच रेशनकार्डावर सासू-सासरे, दीर आणि तुम्ही असाल, तर कपड्या-भांड्यांची मदत एका कुटुंबाची म्हणून एकदाच येते. चूल वेगळी असेल तर रेशनकार्डही वेगळं करून घ्या. भाड्यानं राहणाऱ्या बाईनंही मागं सरू नये. पडलेल्या भिंतीचे पैसे मालकाचे, पण वाहून गेलेली भांडी-कपडे तिचे.

रकमांचा अंदाज असावा म्हणून केंद्राच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांतले आकडे सांगतो. सपाट भागात पूर्ण पडलेल्या पक्क्या किंवा कच्च्या घराला 1,20,000 रुपये. पिकाला हेक्टरी जिरायत 8,500, बागायत 17,000 आणि बहुवार्षिक 22,500, तेही दोन हेक्टरपर्यंत. शेतातला गाळ काढायला हेक्टरी 18,000. नदीनं जमीन खरडून नेली तर अल्प आणि अत्यल्प भूधारकाला हेक्टरी 47,000. पुरात माणूस गेला तर वारसांना 4 लाख. राज्य सरकार वेळोवेळी यात बदल करतं, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय चावडीत विचारून घ्या.

पिकाच्या मदतीला आता ॲग्रिस्टॅकचा, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शेतकरी नोंदणीतला, शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तो सातबारावरच्या नावावरून मिळतो. नाव नसलेली बाई इथंच अडते.

भिजलेल्या कागदांचं काय

घाबरू नका, सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) ऑनलाइन आहेत. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत महाभूमीच्या संकेतस्थळावरून निघतो आणि तो सगळीकडे चालतो. खरेदीखत वाहून गेलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळते. जुने फेरफार, म्हणजे सातबारावरची नावं कशी बदलत गेली त्या नोंदी, तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. आजेसासऱ्यापासूनचे फेरफार एकदा काढून ठेवा; पुढची निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

तुमचा हिस्सा किती, हे आधी स्वतः मोजा

हिंदू वारसा कायदा 1956 चा. शिरोळ-हातकणंगलेतल्या जैन आणि लिंगायत घरांना, तसंच बौद्धांनाही तोच लागू. मृत्युपत्र नसेल तर वारलेल्या माणसाची बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क आहे. केंद्राची ही दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत असं काही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. मुलीचं लग्न कधी झालं यानंही फरक पडत नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकमानं वाटणी झाली असेल, तर ती मोडत नाही.

समजा दोन एकर ऊस आहे, वडील वारले. मागं आई, दोन भाऊ, एक बहीण. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल तर चार वाटे, म्हणजे प्रत्येकी 20 गुंठे. वडिलोपार्जित असेल तर आधी वडिलांसकट पाच वाटे पडतात आणि मग वडिलांचा वाटा उरलेल्या चौघांत फिरतो. हिशेब लांबतो, पण उत्तर तेच, 20 गुंठे. आजी हयात असेल तर वडिलांच्या वाट्यात तिचाही भाग निघतो. वाटणीच्या बैठकीत या म्हातारीला सगळेच विसरतात.

नवरा सासऱ्याच्या आधी वारला असेल तरी सून वारस असतेच. दुसरं लग्न केलं म्हणून नवऱ्याकडून आधीच मिळालेली मालमत्ता जात नाही. मुस्लिम घरांत हिस्से वेगळे मोजतात: मुलं असतील तर पत्नीला आठवा, मुलीला मुलाच्या निम्मा. आणि कटू असलं तरी खरं: नवरा हयात आहे तोवर त्याच्या जमिनीत बायकोला मालकीचा वाटा मागता येत नाही. तिला राहण्याचा आणि पोटगीचा हक्क आहे. टाकलेल्या बाईनं म्हणून माहेरचा सातबारा आधी तपासावा.

वारस नोंद

मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि साधा अर्ज, एवढं घेऊन तलाठ्याकडे जा किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज भरा. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवावं, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 149 सांगतं, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. साध्या वारस नोंदीला कोर्टाचा दाखला आणा असं कुणी म्हणालं, तर तसं लेखी मागा. बहुधा मागणी तिथंच विरते. 2025 मध्ये राज्यानं ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेऊन मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी केल्या. तुमच्या गटात ती झाली का, आणि झाली असेल तर बहिणींची नावं आली का, हे बघा.

अर्जानंतर फेरफार पडतो, चावडीवर नोटीस लागते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. पुरात चावडीच पाण्यात असेल तर नोटीस कुणी वाचायची? ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून नोटिसा पाहता येतात; माहेरच्या गावाच्याही पाहत जा. हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. निकाल विरुद्ध गेला तर 60 दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील. पुरामुळं मुदत हुकली असेल तर उशीर माफीचा अर्ज अपिलासोबतच द्या आणि पूरग्रस्त असल्याचा पुरावा जोडा.

नोंद झाली म्हणून लगेच खूश होऊ नका, सातबारा नीट वाचा. जुन्या सातबारांवर थोरल्या भावाच्या नावापुढं ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असं लिहिलेलं असतं आणि बहिणी-आई उजवीकडं ‘इतर हक्क’ रकान्यात ढकललेल्या असतात. वारस म्हणून तुमची जागा भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन ज्याची त्याच्या, रकान्यात आहे. अर्ज करून नाव तिथं घ्यायला लावा. नाव लागलं म्हणजे लगेच वाटणी करावी लागते असंही नाही. सामाईक खातं राहू द्या, बांध नंतर घालता येतो.

सही करण्याआधी

पुरानंतर सगळ्यांनाच घाई असते. घर पडलेलं, ऊस कुजलेला, पोरांची शाळा बुडालेली, अशात भावकीतलं कुणी कागद पुढं करतं: “वहिनी, पैसे लवकर यायचं हाय, इथं सही करा.” कागद दोन प्रकारचे असतात आणि दिसायला सारखेच.

पहिलं संमतीपत्र. सामाईक खात्यात मदत एकाच्या बँक खात्यावर जमा व्हावी म्हणून बाकीच्यांची संमती घेतात. यात वावगं काही नाही, पण स्वतःच्या हातानं एवढं वाक्य घाला: “ही संमती फक्त या वर्षीच्या पूर मदतीची रक्कम जमा करण्यापुरती आहे. गट क्रमांक अमुक मधील माझ्या मालकी हक्कावर याचा परिणाम होणार नाही.” फोटो काढून ठेवा. तुमच्या वाट्याची मदत तुमच्याच खात्यावर मागायला तर काहीच हरकत नाही.

दुसरं हक्कसोडपत्र. ते दुय्यम निबंधकासमोर नोंदवावं लागतं. नुसत्या नोटरीच्या शिक्क्यानं जमिनीतला हक्क सुटत नाही. म्हणून कुणी मदतीच्या कामाला म्हणत रजिस्टर ऑफिसला न्यायला लागलं, तर तिथंच थांबा. मदतीसाठी दस्त नोंदवावा लागत नाही. कोरा कागद किंवा कोरा स्टॅम्प यावर सही, अंगठा कधीच नको.

साडीचोळी करून बहिणीचा हिस्सा मिटवायची रीत आपल्याकडं जुनी आहे आणि पुष्कळ बहिणी ती राजीखुशीनं पाळतात. राजीखुशी असेल तर कुणाचं काही म्हणणं नाही, फक्त ती पुराच्या चिखलात विचारू नये. “माहेर तुटंल” या धाकानं केलेली सही मला राजीखुशीची वाटत नाही.

आणखी एक भीती घालतात ती कर्जाची: नाव लावलंस तर सेवा सोसायटीचं कर्ज तुझ्या अंगावर येईल. वारसावर कर्ज येतं ते वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. तुमचे दागिने, तुमची स्वतःची कमाई त्यात जात नाही. शिवाय बोजा जमिनीवर असतोच, तुमचं नाव असो वा नसो. कारखान्याचा शेअर किंवा बँकेतली ठेव यात नॉमिनी म्हणून दिराचं नाव दिसलं तरी घाबरू नका. नॉमिनी पैसे उचलतो ते वारसांच्या वतीनं, मालक म्हणून नाही.

घर आणि पुनर्वसनाचा प्लॉट

ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कराचा उतारा आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तरी पडक्या घराच्या मदतीला आधी तोच बघतात. त्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावून घ्या. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवरही. शहरात नगर भूमापन कार्यालयाची मिळकत पत्रिका. पंतप्रधान आवासचं ग्रामीण घरकुल पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर देण्याची तरतूद आहे. पूररेषेतून गाव हलवून प्लॉट मिळणार असेल, तर वाटपाच्या यादीत दोघांची नावं आत्ताच मागा, कारण ताबा पावती एकदा एकाच्या नावानं फाटली की दुरुस्तीला वर्षं जातात. सासरच्यांनी घराबाहेर काढलं तर कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 खाली त्या घरात राहण्याचा आदेश मिळतो, घर कुणाच्याही नावावर असलं तरी. अर्ज संरक्षण अधिकाऱ्याकडे.

अडलं तर

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 मध्ये पूरग्रस्तांचाही वेगळा उल्लेख आहे. फोन 15100. आणि हायकोर्टात जायची वेळ आलीच, तर ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं.

नवरा हयात असलेल्या आणि घरात भांडण नसलेल्या बायकांसाठी एक सोपं काम उरतं. लक्ष्मी मुक्ती योजनेखाली नवऱ्यानं स्वतः अर्ज केला की सातबारावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. परिपत्रक 1992 चं आहे आणि खरेदीखत-बक्षीसपत्राची गरज नसते. अर्ज उन्हाळ्यातच द्या. जुलै-ऑगस्टमध्ये तलाठी पंचनाम्याच्या धावपळीत असतात, मग हा कागद टेबलावरच राहतो.