जुनी फोर बाय फोर घेताना या चुका टाळा

दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या शेडमध्ये उभी असलेली महिंद्राची एमएम ५४०, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी जीप, बघायला गेलो, तेव्हा माझ्यासोबत मिस्तरी नव्हता, मित्र होता. पहिली चूक तिथेच झाली. जीपला नवा कापडी हूड होता, जाडजूड टायर होते, पुढे दोर ओढायची विंच होती, आणि सेल्फ मारल्याबरोबर इंजिन चालू झालं. "गाडी घरचीच आहे भाऊ, बाहेर कुणाला दिली नाही," असं मालक नाना म्हणाले आणि ते खरंच होतं. चहा संपायच्या आत मी बयाणा दिला. चार महिन्यांनी हरसूलच्या अलीकडे एका खड्ड्यात मागच्या पाट्याचा (स्प्रिंगचा) हँगर चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, पत्र्यासकट उपटून आला. जीप रस्त्यावर बसली ती बसलीच.

नानांनी फसवलं नव्हतं. मीच जे बघायचं ते सोडून भलतंच बघत बसलो होतो. त्यानंतर स्वतःसाठी आणि मित्रांसाठी बऱ्याच जुन्या थार, जिप्सी आणि जीप बघितल्या. आता माझं गणित साधं आहे. इंजिन बांधून मिळतं, चॅसी आणि कागद बांधून मिळत नाहीत. त्यातही आपण नाशिकचे. महिंद्राचा कारखाना सातपूरला, इंजिनांचा इगतपुरीला, स्कॉर्पिओ २००२ पासून इथेच बनतेय. त्यामुळे या गाड्यांची इंजिनं डोळे झाकून खोलणारे मिस्तरी अंबड-सातपूरला पावलोपावली भेटतात. आणि तरीही बघायला गेलेला माणूस आधी बॉनेटच उघडतो.

किलोमीटरचा आकडा बघून ठरवणं

दोन लाख किलोमीटर म्हटलं की लोक दचकतात आणि ऐंशी हजार म्हटलं की खूश होतात. जुन्या जीपचा मीटर केबलवर चालतो. केबल तुटून तीन वर्षं झाली तरी गाडी चालतच असते. दुसरी गंमत मोठ्या टायरांची. मूळ २८ इंच व्यासाचा टायर काढून ३१ इंची घातला, तर चाक एका फेरीत दहा टक्क्यांहून जास्त अंतर कापतं, पण मीटर फेऱ्याच मोजतो. म्हणजे त्या टायरांवर दिसणारे १ लाख ८० हजार हे खरे २ लाखांच्या घरातले असतात. वेगाचा काटाही त्याच हिशोबाने कमी दाखवतो, हे चाचणीच्या वेळी लक्षात असू द्या.

मी आकडा विचारतच नाही. गाडी कुठे चालली ते विचारतो. मुंबई-आग्रा हायवेवर दोन लाख चाललेली गाडी मला पेठ-सुरगाण्याच्या रस्त्यांवर सत्तर हजार चाललेल्या गाडीपेक्षा बरी वाटते. क्लच, ब्रेक आणि गिअर घाटात झिजतात, बुश आणि पाटे खड्ड्यांत. हायवेवर इंजिन नुसतं फिरत राहतं.

वरून बघणं

हा भाग मी सावकाश सांगणार आहे, कारण माझे पैसे इथेच गेले.

कोकणातली गाडी खारट हवेने गंजते, हे सगळ्यांना माहीत असतं. "नाशिकची आहे, गंज नसणार," असं त्यामुळेच म्हणतात. पण आपल्याकडे द्राक्षबागा आहेत. बागेतली जीप नुसती माणसं नेत नाही. फवारणीचे ड्रम, खताच्या गोण्या, मोरचूद, सगळं तिच्या मागच्या हौद्यात जातं. बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणातलं मोरचूद लोखंडाला लागलं की तांबं त्यावर बसतं आणि लोखंड विरघळत जातं. ड्रम हिंदकळतो, पाणी पत्र्याच्या फटींतून झिरपतं आणि चॅसीच्या पोकळ कण्यात जाऊन बसतं. बाहेरून रंग शाबूत, आतून पापडी. माझ्या जीपचं हेच झालं होतं. उपटलेल्या हँगरच्या कडेला हिरवट पूड दिसत होती. मिस्तरीने ती बोटावर घेतली आणि एवढंच विचारलं, "बागेतली का?"

म्हणून गाडी बघायला जाताना जुने कपडे घाला, एक गोणपाट, टॉर्च, छोटी हातोडी आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक न्या. गाडीखाली आडवे व्हा. मागच्या पाट्यांचे हँगर, शॅकलच्या (पाट्याच्या हलत्या कडीच्या) वरची जागा, गिअरबॉक्स ज्या आडव्या पट्टीवर बसतो ती पट्टी, स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि पुढे दोर बांधायच्या हुकाजवळचा भाग, या पाच जागी हातोडीने हलकेच ठोका. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला थपथप वाजतो. जुन्या गाडीला एखाद्या ठिकाणी वेल्डिंग असतंच, त्याने दचकू नका. पट्टी नीट बसवून सरळ मारलेलं वेल्डिंग वेगळं आणि भेग लपवायला थापलेला गोळा वेगळा. बॉडीवर चुंबक जिथे धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. थोडी असेल तर चालते. दाराच्या खालची अख्खी पट्टी लांबीची असेल तर भाव पाडा.

आणि बुडाला ताजा काळा रंग मारलेला असेल तर मी सरळ उठून हात झटकतो. वीस वर्षं जुन्या गाडीचं बूड मातकट आणि तेलकट असायला हवं. विकायच्या आठवड्यात कुणी हौसेने चॅसी रंगवत नाही.

गरम इंजिन ऐकणं

आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा की मी आल्याशिवाय गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर "आत्ताच पोराला शाळेत सोडून आलो" हे उत्तर ठरलेलं असतं. तुम्ही म्हणा, "बरं, मग उद्या सकाळी येतो." थंड इंजिन खोटं बोलत नाही.

चालू झाल्यावर धूर बघा. जुन्या डिझेलचा पहिला धूर मिनिटभरात विरला तर ठीक. निळसर धूर राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय, म्हणजे हेड गॅस्केट गेलेलं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा लोट आला तर नोझल, पंप किंवा नुसता तुंबलेला एअर फिल्टर. शेवटचं स्वस्तातलं दुखणं आहे. मग चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवा. थोडी वाफ येणारच. झाकण नाचून खाली पडलं तर सिलिंडरमधला दाब खाली गळतोय, मिस्तरी ज्याला बॅक कंप्रेशन म्हणतात ते आहे, आणि इंजिनाचं काम निघालंय. निघू दे. त्याचा खर्च मिस्तरीला विचारून किमतीतून वजा करता येतो.

चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, ऑइलचा लाल दिवा लागतो का हेही बघा. नाही लागला तर कुणीतरी बल्ब काढून ठेवलाय, आणि का ते उघड आहे. चाचणीला कॉलेज रोडला चक्कर मारून काही कळत नाही. पेठ रोडने सावळ घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढवा, वर जाऊन गाडी चालूच ठेवून थांबा, आणि तापमानाचा काटा व तो लाल दिवा पाच मिनिटं बघत राहा.

"फोर व्हील चालू आहे" यावर विश्वास

डॅशवरचा फोर व्हीलचा दिवा फक्त फोर व्हीलचा दांडा (लिव्हर) बसलाय एवढंच सांगतो. पुढची चाकं ओढतात की नाही, ते त्याला माहीत नसतं. मी अशी जीप पाहिली आहे जिचा पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्टच काढून ठेवला होता, ॲव्हरेज वाढावं म्हणून! दिवा मात्र झकास लागत होता.

दांड्याच्या गाड्यांसाठी माझी खात्रीची पद्धत अशी. मोकळ्या मातीत फोर हाय (फोर व्हीलचा साधा गिअर) टाका, पुढे फ्री-व्हील हब (चाक ॲक्सलपासून सोडवणारे) असतील तर ते लॉक करा, वीसेक फूट सरळ चालवून थांबा. इंजिन बंद, गाडी गिअरमध्येच, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. आता पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. थोडा प्ले सोडला तर ते फिरता कामा नये. गरगर फिरलं तर हब, शाफ्ट किंवा ॲक्सलमध्ये कुठेतरी जोड तुटलेला आहे. मग दांडा टू व्हीलला आणा, हब सोडवा, आता चाक मोकळं फिरायला हवं. उचललंच आहे तर चाक वर-खाली धरून हलवून घ्या. खटखट वाजलं तर बेअरिंग किंवा किंगपिन. साठ-सत्तरच्या वेगाला स्टेअरिंग थरथरण्याचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं.

डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून गाडी गोल वळवून दाखवणारा विक्रेता भेटला तर त्याला तिथेच थांबवा. या गाड्यांना पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारा मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो फरक मातीत चाक घसरून निघून जातो, डांबरावर मात्र शाफ्ट आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) पीळ खातात. पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्या मापाचे टायर असतील तर फोर व्हीलमध्ये सरळ चालतानाही तेच होतं. मातीच्या उतारावर फोर व्हीलचा लो (संथ, जोरकस) गिअर टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला. दांडा आपोआप उडाला तर ट्रान्सफर केस उघडावी लागेल.

जिप्सी असेल तर पुढच्या चाकामागचा चेंडूसारखा गोल भाग बघा. तिथे घट्ट ग्रीसऐवजी पातळ तेल ओघळत असेल तर आतलं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं ऑइल बाहेर येतंय. आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरून चाला.

पाणी प्यायलेली गाडी

गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली की नाशिककर पुराचं माप काढतात. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९, दरवेळी गोदाकाठच्या गाड्या पाण्यात होत्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. बंद बॉडीच्या गाडीत सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गाळाची रेघ तिथे राहते. उघड्या जीपचा तळ पाइप मारून धुता येतो, म्हणून हेडलाइटच्या आत, डॅशमागच्या वायरिंगच्या टोकांवर आणि हूडच्या पाइपांच्या बुडाशी बघा. डिफरन्शियलचा भरायचा बोल्ट उघडून करंगळी बुडवा. ऑइल दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. चकचकीत कण दिसले तर क्राउन-पिनियन (आतली दातेरी चाकं) खाल्लं जातंय.

कागद "नंतर बघू" म्हणणं

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं, आणि २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० झालं. "पासिंग करून देतो" हा शब्द घेऊ नका, पासिंग झालेली गाडी घ्या. बँकेचा बोजा उतरलाय का, ई-चलन किती आहेत, हे एमपरिवहन ॲपवर दिसतं. चॅसी नंबर पुसून वाचा. आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील तर निघून या.

खरी गोची बदल केलेल्या गाड्यांची असते. जिप्सीत डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसी बुकात पेट्रोल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल चालवून घेत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. अपघातात विमा कंपनी आधी हेच शोधते. देवळालीच्या लष्करी छावणीमुळे आपल्याकडे "आर्मीची गाडी आहे" ही जाहिरातही जोरात चालते. लिलावाचे कागद आणि त्यानंतरची नागरी नोंदणी, दोन्ही मागा. आणि तो लष्करी हिरवा रंग कितीही आवडला तरी केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार तो फक्त संरक्षण दलाच्या वाहनांना चालतो. दिल्लीकडच्या दहा वर्षांच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात, त्यांच्या किमतीत ना हरकत प्रमाणपत्र, इथला कर आणि हेलपाटे धरून बघा.

घेतल्या घेतल्या ट्रेकला निघणं

किमतीच्या पाव भागाएवढी रक्कम बाजूला ठेवूनच गाडी घ्या. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल, पाचही ठिकाणचं ऑइल पहिल्याच आठवड्यात बदला. ट्रान्सफर केस सगळ्यात जास्त विसरली जाते. पहिले पाचशे किलोमीटर गंगापूर धरण, त्र्यंबक, सिन्नर एवढ्यातच फिरा. टो करून आणायला परवडतं.

आणि रोज रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी डाग बघा. पुढे मध्यभागी काळा डाग इंजिन ऑइलचा, मागे किंवा मध्ये घट्ट आणि उग्र गंधकी वासाचा डाग गिअर ऑइलचा. हिरवा किंवा गुलाबी असेल तर कूलंट, होजच्या क्लिपा आवळून बघा. थेंब-दोन थेंबांनी घाबरायचं नाही, पुठ्ठ्यावर तारीख टाकायची आणि डाग वाढतोय का एवढं पाहायचं. फक्त चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, पातळ ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल असतं. त्या दिवशी गाडी गॅरेजला न्यायची नाही, मिस्तरीलाच घरी बोलवायचं.