दुकानात वायर मागण्याआधी

घरात एलईडी पट्टीचं काम निघालं की पहिली धाव इलेक्ट्रिकच्या दुकानाकडे जाते. ‘पट्टीला लागते ती वायर द्या’ म्हटलं की लाल-काळ्या जोडवायरचं भेंडोळं पुढ्यात येतं आणि तीच पाइपातून ओढली जाते. वायरिंगच्या कामाची पहिली काही वर्षं मीही हेच करत होतो. एका घरी हॉलच्या पीओपीच्या खोबणीत तीन रिळं लावली, हाताशी होती ती बारीक वायर सगळीकडे घातली, आणि संध्याकाळी घरच्यांना बोलावून बटण दाबलं. टीव्हीच्या भिंतीवर लख्ख उजेड पडला. समोरच्या भिंतीवर मात्र कंदिलाची वात खाली केल्यासारखा मंद. पट्टी बदलून पाहिली, तरी तसंच. चूक वायरीची होती, म्हणजे माझी, आणि ती निस्तरायला नुकतंच रंगवलेलं पीओपी दोन ठिकाणी कापावं लागलं. घरातल्या काकूंनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, म्हणून ते जास्तच लागलं. तेव्हापासून कामाला हात घालण्याआधी मी कागद-पेन घेऊन बसतो.

कागदावर सगळ्यात आधी लिहायचं ते वॅट. रिळाच्या वेष्टनावर मीटरला किती वॅट ते छापलेलं असतं. साधी पट्टी मीटरला ४.८ वॅटची, दाट दिव्यांची ९.६ ची, आणि ५०५० चे (५ बाय ५ मिलिमीटरचे) मोठे दिवे मीटरला ६० असतील तर १४.४ ची. जितके मीटर लागणार तितक्यांनी गुणायचं, आलेल्या आकड्याला व्होल्टनं भागायचं, की अँपिअर मिळतात. ५ मीटरचं ९.६ वॅटचं रीळ म्हणजे ४८ वॅट, १२ व्होल्टला ४ अँपिअर. हेच ४८ वॅट घरच्या २३० व्होल्टवर घेतले असते तर जेमतेम ०.२ अँपिअर लागले असते. लोकांचा घोळ इथेच होतो. व्होल्टेज कमी आहे, शॉक बसत नाही, मग बारीक वायर चालेल असं वाटतं. प्रत्यक्षात व्होल्ट उतरले की तेवढ्याच उजेडाला अँपिअर चढतात, आणि वायरीला मोजावे लागतात ते अँपिअर.

दुसरी गोष्ट अंतर. टेप हवेत सरळ धरून मोजू नका. वायर ज्या वाटेनं जाणार ती वाट मोजा: कपाटामागून वर, कोपऱ्याला वळसा, छतातून आडवी, मग पट्टीपर्यंत खाली. आणि मोजलेलं अंतर दुप्पट करा, कारण वीज जाते तशी परतही येते. हे दुप्पट करायचं निम्मे लोक विसरतात.

आता हिशेब. चांगल्या तांब्याच्या मऊ वायरीसाठी मी एक सोपा आकडा धरतो: १ एमएमच्या वायरीला मीटरमागे ०.०२ ओहम रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा. बाजारात आपण ‘एमएम’ म्हणतो ते खरं चौरस मिलिमीटर, वायरीच्या तांब्याच्या छेदाचं माप. येण्या-जाण्याचं अंतर गुणिले अँपिअर गुणिले ०.०२, भागिले एमएम, म्हणजे वाटेत गळणारे व्होल्ट. समजा १० बाय १४ फुटांचा हॉल आहे. परीघ ४८ फूट, म्हणजे १५ मीटरला थोडा कमी. तीन रिळं लागणार. सगळ्यात लांबचं रीळ वीज जिथून देणार तिथून ८ मीटरवर सुरू होतं, म्हणजे दुप्पट करून १६ मीटर. १२ व्होल्टचं रीळ ४ अँपिअर घेतं. पाऊण एमएमची वायर घातली तर कागदावर १.७ व्होल्ट वाटेतच जातात. पट्टीला उरले १०.३, आणि उजेड डोळ्याला कळेल इतका पडतो. दीड एमएमला ०.८५ व्होल्ट जातात, अडीचला ०.५ च्या आसपास. मी ३ टक्क्यांवर गळती जाऊ देत नाही, १२ व्होल्टला ते ०.३६ होतात. म्हणजे या एका रिळासाठी ४ एमएमची वायर आली, जी आपण गिझरला ओढतो. ती खोबणीत वळणार कशी, आणि पट्टीच्या नखाएवढ्या टिकल्यांवर डाग (सोल्डर) देणार कसा?

म्हणून यादीतला पुढचा प्रश्न दुकानात जाण्याआधीच सोडवायचा असतो: १२ व्होल्ट की २४? तेच रीळ २४ व्होल्टचं घेतलं तर अँपिअर निम्मे, २. गळणारे व्होल्ट निम्मे झाले आणि चालणारी गळती दुप्पट, ०.७२. १ एमएमच्या वायरीत ०.६४ व्होल्ट जातात, काम झालं. जिथे १२ ला ४ एमएम लागत होती तिथे २४ ला १ एमएम पुरली. हॉलच्या छताला मी आता १२ व्होल्ट लावतच नाही. देवघर, ओट्यावरच्या कपाटाची खालची बाजू, आरशामागची पट्टी, अशा दोन-चार मीटरच्या कामांना १२ व्होल्ट बिनधास्त चालतात. तिथे पाऊण एमएम घ्या आणि पुढे चला. फक्त एक लक्षात ठेवा, २४ ची पट्टी साधारण सहा दिव्यांनंतर कापता येते, १२ ची तीन दिव्यांनंतर. छोट्या कोनाड्यात हा फरक अडतो.

व्होल्ट ठरले की एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे १२ किंवा २४ करणारा डबा, कुठे बसणार ते ठरवा. वायर जाड करण्यापेक्षा एसएमपीएस पट्टीजवळ नेणं जवळजवळ नेहमीच शहाणपणाचं असतं. २३० ची वायर लांब ओढली तरी गळती नगण्य, २४ ची शक्य तितकी आखूड ठेवायची. पण तो पीओपीत गाडून टाकू नका. त्याला हवा हवी आणि तुम्हाला हात घालायला झाकण हवं. आमच्या उदाहरणातले १४४ वॅट ०.८ नं भागले की १८० येतात, म्हणजे २०० किंवा २४० वॅटचा एसएमपीएस. भाराच्या बरोबरीचा घेतला तर तापतो आणि लवकर जातो. त्याच्या २३० च्या बाजूचं काम, अर्थिंगसकट, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. यावर मी तडजोड करत नाही.

एसएमपीएसपासून प्रत्येक रिळाला वेगळा फाटा न्यायचा. तिन्ही रिळं एकामागे एक जोडली तर सगळ्यांचे अँपिअर पहिल्या पट्टीच्या पातळ तांब्यातून जातात. पट्टी हीसुद्धा शेवटी एक वायरच आहे, आणि फार बारीक. म्हणून ५ मीटरच्या पुढे सलग जोडू नये, किंवा जोडलीच तर दोन्ही टोकांना वीज द्यावी. रंगीत पट्टीला चार वायरी असतात, त्यांतली सामाईक वायर तिन्ही रंगांचा भार एकटी उचलते. ती बाकीच्या तिघींपेक्षा जाड हवी, आणि हा हिशेब चुकला की टोकाला पांढऱ्याऐवजी लालसर पिवळा उजेड पडतो.

एवढं झालं की आता दुकान. तिथे दोन भाषा चालतात. एक एमएमची, दुसरी जुनी, तारांची: १४/७६, २३/७६, ४०/७६. पहिला आकडा तारा किती त्याचा, दुसरा प्रत्येक तार इंचाच्या दहा हजार भागांपैकी ७६ भाग जाडीची असल्याचा. हिशेब केला तर १४/७६ म्हणजे ०.४ एमएम, २३/७६ म्हणजे पाऊणपेक्षा थोडी कमी, आणि ४०/७६ म्हणजे १ एमएमच्या जरा वर. हे तांबं पूर्ण असेल तर.

आणि तेच बघायचं असतं. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. वरून अगदी तांब्यासारखी दिसते, पण रोध दीडपटीपेक्षा जास्त, आणि टोकं वाकवली की पटकन तुटतात. दुकानात मी पहिली कृती एकच करतो. टोकाचं प्लास्टिक इंचभर सोलतो, तारा मोजतो, मग एक तार नखावर ठेवून ब्लेडनं खरवडतो. शुद्ध तांबं कितीही खरवडलं तरी लालच राहतं. मुलाम्याच्या तारेवर दुसऱ्या-तिसऱ्या फटक्याला पांढरी चांदीसारखी रेघ उमटते. दुकानदार नाराज झाला तरी हे करा. पूर्ण भेंडोळं घेणार असाल तर वजनही सांगतं: दीड एमएमच्या ९० मीटरमध्ये नुसतं तांबंच सव्वा किलोच्या आसपास हवं. भेंडोळं त्याहून हलकं लागलं तर आत दुसरंच काहीतरी आहे. वायरीवर आयएसआयचं चिन्ह, आयएस ६९४ आणि एमएम छापलेलं असावं. छतात जाणारी वायर एफआर (आग सहज न पसरवणारी) किंवा एफआरएलएसएच घ्या. दुसरी पहिलीपेक्षा धूर कमी सोडते, आणि आग लागते तेव्हा माणूस धुरानं आधी गुदमरतो. इंटरनेटच्या केबलचे उरलेले तुकडे वापरायचा मोह होतो. त्यातली एकेक तार जेमतेम ०.२ एमएमची असते, ती राहू द्या.

रंगाचा विचार फार कमी लोक करतात. घराच्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल. तीच लाल-काळी जोडी २४ व्होल्टला छतात सोडली तर पाच वर्षांनी पंखा बसवायला आलेल्या माणसाला काय कळणार? एक तर तो २४ ची वायर २३० ला जोडेल, नाहीतर २३० च्या वायरीला ही बारीक दिव्यांची म्हणून उघड्या हातानं धरेल. मी कमी व्होल्टला वेगळ्या रंगाची किंवा पारदर्शक जोडवायर घेतो, तिचा पाइप वेगळा ठेवतो, आणि दोन्ही टोकांना टेप लावून त्यावर ‘२४ व्होल्ट, अधिक’ असं मार्करनं लिहितो. २३० च्या पाइपातून ती कधीच नेत नाही.

पिशवीत वायरीसोबत काय हवं तेही लिहून घ्या. जॉइंटवर घालून तापवली की आवळणारी श्रिंक स्लीव्ह, बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न, स्क्रूखाली जाणाऱ्या टोकांना पिन थिंबल (दाबून बसवायची धातूची टोपी). स्क्रूच्या जागी टोकाला डाग देऊन घट्ट करायची सवय सोडा. शिसं दाबाखाली हळूहळू सरकतं, जॉइंट सैल होतो, सैल जॉइंट तापतो. पट्टीच्या टोकाला मात्र प्लास्टिकच्या चिमट्यापेक्षा डागच बरा. आणि प्रत्येक फाट्याला एसएमपीएसजवळ गाडीत असतो तसा ब्लेड फ्यूज, २ अँपिअरच्या फाट्याला ३ चा. १० अँपिअरचा एसएमपीएस एका फाट्यातल्या बिघाडात १० अँपिअर शांतपणे ढकलत राहतो, त्याला तो भारच वाटतो. तोवर बिघाडाची जागा पीओपीच्या आत तापत असते.

बाल्कनी, गच्ची, अंगण असेल तर यादी थोडी वाढते. कोकणातल्या खाऱ्या हवेत उघडं तांबं एका पावसाळ्यात हिरवं-काळं पडतं. तिथे कलई केलेली तार मिळाली तर घ्यावी, पट्टी आयपी ६७ ची (पाणी आणि धूळ आत न घेणारी), आणि जॉइंट ग्लँड (वायरीभोवती आवळणारं बूच) लावलेल्या डब्यात. डब्यात शिरण्याआधी वायरीला खालच्या बाजूला एक झोल द्या म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं. साधं पीव्हीसी उन्हात कडक होऊन तडकतं, म्हणून वायर पाइपातून न्या.

गणपतीच्या मखरासाठी वेगळं सांगतो, कारण तिथे घाई सगळ्यात जास्त असते. २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोल गेला, आता कापड, पुठ्ठा, कागदाची फुलं. उरलेली वायर गुंडाळी करून मखरामागे कापडाखाली कोंबू नका. लागेल तेवढीच कापा. अडॅप्टर खाली, मोकळ्या फरशीवर ठेवा. एक तास चालू ठेवून प्रत्येक जॉइंटला हात लावून बघा, कोमटपेक्षा जास्त लागला तर तो पुन्हा करा.

छत बंद होण्याआधीचं शेवटचं काम पीओपीवाल्याला थांबवून करायचं. सगळी रिळं पूर्ण उजेडात लावा, मल्टीमीटर डीसीवर ठेवा, आणि प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला व्होल्ट मोजा. आमच्या हॉलच्या लांबच्या रिळाला २३.३ च्या आसपास यायला हवेत. २२ दिसले तर वाटेत कुठेतरी जॉइंट कच्चा आहे, तो आत्ता शोधा. मग आकडे, वायरीची जाडी आणि कुठला फाटा कुठे जातो हे एका कागदावर लिहून एसएमपीएसच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि त्याच वायरीचा दोनेक मीटरचा तुकडा तिथेच गुंडाळून ठेवा.