ब्लॅक बॉक्स प्रयोग: बंद पेटीतले भाग ओळखताना

बारावीच्या प्रॅक्टिकलला डायोड, एलईडी, रेझिस्टर ढिगातून ओळखायचे असतात. ऑलिंपियाडच्या प्रयोगात हेच भाग बंद पेटीत जातात आणि बाहेर उरतात अ, ब, क ही तीन टोकं.

मल्टिमीटर लगेच ओहमवर फिरवू नका. आधी डीसी व्होल्टवर तिन्ही जोड्या बघा. आत सेल असला तर ओहमचं रीडिंग कुचकामी, कारण त्या रेंजवर मीटर स्वतःचा करंट आत पाठवून हिशेब करतो. सेल निघाला तर टोकांना 1 किलोओहम जोडून व्होल्टेज पुन्हा मोजा: 1.5 चं 1.0 झालं, तर आतला रोध 500 ओहम. व्होल्टेज हळूहळू उतरत गेलं, तर तो बहुधा चार्ज राहिलेला कपॅसिटर.

व्होल्टेज शून्य असेल तर ओहमवर प्रत्येक जोडी उलटसुलट, म्हणजे सहा रीडिंग. डायोड इथे हमखास निसटतो: बऱ्याच डिजिटल मीटरांचं ओहम रेंजवरचं व्होल्टेज त्याला पुरत नाही आणि दोन्हीकडून ‘ओपन’ दिसतं. डायोड रेंज लावा. सिलिकॉन 0.5 ते 0.7, जर्मेनियम 0.2 ते 0.3, लाल एलईडी 1.8 व्होल्टच्या आसपास. निळ्या एलईडीला 3 च्या आसपास लागतात, तिथे पुष्कळ मीटर हात टेकतात. मग तीन सेल (4.5 व्होल्ट) आणि सिरीजमध्ये 1 किलोओहम. 9 व्होल्टची बॅटरी टाळा. उलट दिशेला एलईडी साधारण 5 व्होल्टच सोसतो. काट्याच्या मीटरमध्ये ओहमवर बहुधा काळी तार धन असते, हेही ध्यानात ठेवा.

कपॅसिटर मोजायला मीटरच कामाला लावा. व्होल्ट रेंजवर डिजिटल मीटरचा रोध बहुधा 10 मेगओहम असतो (पुस्तिकेत बघून घ्या). कपॅसिटर चार्ज करा, सेल काढा, व्होल्टेज 37 टक्क्यांवर यायला लागलेली सेकंदं मोजा. ही वेळ म्हणजे रोध गुणिले कपॅसिटन्स, म्हणून 22 सेकंद लागले तर 2.2 मायक्रोफॅरड. 100 मायक्रोफॅरडला हजार सेकंद लागतील, म्हणून टोकांना 100 किलोओहम लावा; दहा सेकंदांत काम होतं. पेटीत समांतर रेझिस्टर असेल तर हे गणित फसतं.

तिन्ही जोड्यांत नुसते रेझिस्टर असले आणि अब 320, बक 550, कअ 430 ओहम आले, तर स्टार (प्रत्येक टोकापासून एक रेझिस्टर, तिन्ही मध्ये एका बिंदूत जोडलेले) धरून अ चा रोध (320 + 430 − 550) ÷ 2 = 100; ब 220, क 330. पण 387, 1276 आणि 580 ओहमचा डेल्टाही (अनुक्रमे अब, बक, कअ या टोकांमध्ये थेट एकेक रेझिस्टर) अगदी हीच रीडिंग देतो. बाहेरून फरक कळतच नाही, तेव्हा कोणती जोडणी धरली ते उत्तरात लिहा.