अमेरिकी माजी सैनिकांचा आजीवन मोफत पार्क पास: कसा घ्यावा, कुठे चालतो, कुठे नाही

अमेरिकेच्या सैन्यात काम केलेल्या माणसाला तिथल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय उद्यानांत, जंगलांत आणि अभयारण्यांत जन्मभर मोफत प्रवेश मिळतो. त्यासाठी लढाईवर गेलेलं असावं लागत नाही. वीस वर्षांची नोकरी करून पेन्शनीत निघालेलं असावंही लागत नाही. नॅशनल गार्ड आणि रिझर्व्ह या राखीव दलांमधली नोकरीसुद्धा धरली जाते. तरी पात्र असूनही पास न घेतलेले लोक भेटतातच. "मी काय, गोदामाचा हिशेब ठेवला, मी कसला माजी सैनिक," असं त्यांचं म्हणणं असतं. सरकारला ते मान्य नाही, तेव्हा आपणही ते मनावर घेऊ नये.

मराठी वाचकाला याचं काय, असं वाटू शकेल. पण न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्नियात वाढलेली आपली मुलं-मुली सैन्यात जातात. शिवाय २००९ ते २०१६ या काळात 'मावनी' नावाच्या भरती योजनेतून भारतीय भाषा जाणणारे, तेव्हा व्हिसावर असलेले तरुणही भरती झाले होते. नोकरी संपवून ते आता आयटीत किंवा इस्पितळात काम करतात, उन्हाळ्यात आईवडील भारतातून आले की त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायला नेतात आणि गेटवर पस्तीस डॉलर मोजतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पास फक्त अमेरिकी सैन्यात काम केलेल्यांना मिळतो. साताऱ्याहून आलेले सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले असले, तरी त्यांच्या ओळखपत्रावर हा पास निघत नाही.

आधी कोणता पास ते ठरवा

इथेच बरेच जण घाईत चुकीचा पास उचलतात. 'अमेरिका द ब्युटिफुल' या एकाच नावाखाली बरेच पास आहेत आणि त्यांतले तीन माजी सैनिकाच्या कामाचे.

पहिला मिलिटरी पास. सध्या नोकरीत असलेल्यांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना तो एका वर्षाचा मिळतो, २०१२पासून मोफत. माजी सैनिकांना तो आजीवन मिळतो. आजीवन पासामागे अलेक्झांडर लॉफग्रेन नावाच्या माणसाची गोष्ट आहे. अफगाणिस्तानात सैन्यात काम करून आलेला लॉफग्रेन पुढे ॲरिझोनाचे खासदार राऊल ग्रिहाल्वा यांच्याकडे माजी सैनिकांचे प्रश्न पाहायचा. एप्रिल २०२१मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या वाळवंटी उद्यानात कॅम्पिंगला गेला असताना त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच्या नावाचा कायदा झाला आणि ११ नोव्हेंबर २०२२ला, म्हणजे तिथल्या माजी सैनिक दिनी, आजीवन पास हातात मिळू लागले.

दुसरा ॲक्सेस पास. कायमचं अपंगत्व असलेल्या अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना तो मोफत आणि आजीवन मिळतो. सैन्यातल्या दुखापतीमुळे व्हीएकडून, म्हणजे माजी सैनिक खात्याकडून, अपंगत्व ठरवून मिळालं असेल तर त्या कागदावर हा पास काढता येतो. अट एवढीच की अपंगत्व कायमचं आणि रोजच्या जगण्यात मोठा अडथळा आणणारं असावं. मिलिटरी पास कॅम्पिंगवर एक पैशाचीही सूट देत नाही. ॲक्सेस पासावर मात्र अनेक सरकारी कॅम्पग्राउंडवर निम्मे पैसे लागतात. गेटवर दोन्ही पासांचं काम सारखंच, पण तंबू टाकून राहणाऱ्याला ॲक्सेस पासाचा फायदा कितीतरी जास्त. पात्र असाल तर डोळे मिटून तोच घ्या.

तिसरा सीनिअर पास. वय ६२ पूर्ण झालेल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना तो आयुष्यभरासाठी ८० डॉलरना मिळतो आणि त्यावरही कॅम्पिंगला अशीच सूट असते. वर्षातून आठवडाभर तंबूत राहणाऱ्या ज्येष्ठ माजी सैनिकाला, मोफत पास मिळत असतानाही, हा विकत घेणं परवडतं.

ओळखपत्र

खिडकीवर यांपैकी एक दाखवावं लागतं: संरक्षण खात्याचं ओळखपत्र, व्हीएचं आरोग्य ओळखपत्र, व्हीएनं दिलेलं माजी सैनिक ओळखपत्र किंवा 'व्हेटरन' अशी खूण असलेलं राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा आयडी कार्ड. चारही जवळ नसतील तर सर्वांत सोपा मार्ग लायसन्सचा. सैन्यातून बाहेर पडताना मिळालेला डीडी-२१४ हा कागद घेऊन राज्याच्या मोटार वाहन कार्यालयात जा आणि लायसन्सवर खूण करून घ्या. डीडी-२१४ चा कागद फाइलमध्येच राहू द्या, प्रवासात बरोबर नेऊ नका. पुढे घरकर्जापासून अंत्यविधीपर्यंत सगळीकडे तोच लागणार आहे.

पास काढणे

मार्ग तीन. प्रत्यक्ष जाऊन काढणं मला सर्वांत बरं वाटतं: फी लागत नाही, कार्ड लगेच हातात येतं आणि खिडकीतल्या रेंजरला त्या दिवशी कुठला रस्ता बंद आहे तेही विचारता येतं. मात्र प्रत्येक उद्यानात पास देतातच असं नाही. पास देणाऱ्या ठिकाणांची यादी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर आहे, ती पाहून निघा.

दुसरा मार्ग यूएसजीएसच्या, म्हणजे तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या, ऑनलाइन दुकानातून मागवण्याचा. यात सैनिकी ओळख ऑनलाइन पटवावी लागते. पास फुकट असला तरी प्रक्रिया शुल्क द्यावं लागतं आणि कार्ड टपालानं येतं. सहल पुढच्या आठवड्यात असेल तर या वाटेला जाऊ नका.

तिसरा मार्ग नवा आहे. १ जानेवारी २०२६पासून रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग संकेतस्थळावर डिजिटल पास मिळू लागला. तो घरून निघतानाच फोनमध्ये उतरवून ठेवा. अनेक उद्यानांच्या गेटवर नेटवर्क मिळत नाही आणि मागे गाड्यांची रांग असते.

'माजी सैनिकांचा पास काढून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांकडे फिरकू नका.

युद्धात किंवा परदेशातल्या लष्करी मोहिमेत नोकरीवर असताना मरण आलेल्या सैनिकाच्या जवळच्या नातेवाइकांनाही, ज्यांना तिथे गोल्ड स्टार कुटुंब म्हणतात, हाच आजीवन पास आहे. त्यांना ओळखपत्र लागत नाही. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर स्वतःच प्रमाणित करून एक व्हाउचर छापायचं आणि ते खिडकीवर देऊन पास घ्यायचा.

गाडीत कोण कोण

गाडीमागे फी असेल तिथे पासधारक आणि त्याच्या खासगी गाडीत बसलेले सगळे एका पासात जातात. माणशी फी असेल तिथे पासधारक आणि आणखी तीन प्रौढ. सोळा वर्षांखालच्या मुलांना तशीही फी नसते. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्यूर वुड्समध्ये माणशी १५ डॉलर आहेत. तुम्ही दोघं, तुमचे आईवडील आणि सासूसासरे गेलात तर चौघं पासावर, उरलेल्या दोघांचे ३० डॉलर भरायचे. शिवाय तिथे पार्किंग किंवा शटलचं बुकिंग आधी करावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे.

पास ज्याच्या नावाचा, तो माणूस गाडीत हवा आणि त्याचं फोटो असलेलं ओळखपत्रही. माजी सैनिक घरी आणि त्याचा पास घेऊन बायको मैत्रिणींबरोबर शेनान्डोआला, हे चालत नाही. कार्डावर सही करा, स्टिकर चिकटवू नका.

भारतातून आलेल्या पाहुण्यांबाबत २०२६पासून एक नवी भानगड आहे. यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, झायन अशा ११ गर्दीच्या उद्यानांत अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांकडून नेहमीच्या फीवर माणशी १०० डॉलर जादा घेतात. परदेशी रहिवाशांचा वार्षिक पासही २५० डॉलरचा झाला. आईवडील स्वतंत्र गाडीनं किंवा टूर कंपनीच्या बसनं जाणार असतील तर तुमच्या पासाचा त्यांना उपयोग नाही. त्यांना आपल्याच गाडीत घ्या आणि निघण्याआधी त्या उद्यानाच्या शुल्काच्या पानावर पाहुण्यांबद्दलचा ताजा नियम वाचा.

पास कुठे चालतो

यलोस्टोन, योसेमिटी ही नावं सगळ्यांना माहीत असतात. पण हा पास सहा सरकारी संस्थांच्या मिळून दोन हजारांहून जास्त ठिकाणी चालतो: नॅशनल पार्क सर्व्हिस, फॉरेस्ट सर्व्हिस, वन्यजीव खातं, ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, ब्यूरो ऑफ रेक्लमेशन आणि लष्कराचं इंजिनिअर दल. हे शेवटचं नाव मला विशेष आवडतं. धरणांमागच्या तलावांवर त्यांची पोहण्याची आणि होड्या सोडण्याची ठिकाणं आहेत, आणि सैनिकाला तिथे आपल्याच खात्याच्या आवारात शिरल्यासारखं वाटावं.

म्हणून पास मिळाल्यावर सुरुवात घराजवळून करा. न्यू जर्सीकरांना अटलांटिक सिटीजवळ एडविन फोर्सिथ अभयारण्य आहे. थंडीच्या तोंडाशी तिथे बर्फाळ हंसांचे थवे उतरतात आणि ते गाडीत बसूनही दिसतात. वॉशिंग्टनजवळ ग्रेट फॉल्स, टेक्ससमध्ये पाद्रे आयलंडचा किनारा. ॲरिझोनातल्या सिडोनात लाल खडकांच्या ट्रेलांवर जो वेगळा रेड रॉक पास लागतो, त्याऐवजी हा दाखवता येतो. अशा ठिकाणी गेटवर माणूस नसतो, तेव्हा कार्ड काचेतून दिसेल असं डॅशबोर्डवर ठेवायचं.

लांबची सहल करायचीच असेल तर युटाहला पास खरा वसूल होतो. झायन ३५, ब्राइस कॅन्यन ३५, कॅपिटल रीफ २०, आर्चेस ३० आणि कॅन्यनलँड्स ३० डॉलर, म्हणजे एका फेरीत १५० डॉलर वाचले.

आणि या जमिनींशी सैनिकांचं नातं सवलतीपुरतं नाही. १८७२ला यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा ते सांभाळायला यंत्रणाच नव्हती. १८८६ ते १९१८ तिथे घोडदळानं पहारा केला. मॅमथ हॉट स्प्रिंग्समधल्या फोर्ट यलोस्टोनच्या दगडी इमारती आजही वापरात आहेत. कॅलिफोर्नियात सेक्वोयाचा कारभार १९०३च्या उन्हाळ्यात चार्ल्स यंग या कृष्णवर्णीय कॅप्टनकडे होता आणि जायंट फॉरेस्टपर्यंतचा रस्ता त्याच्या सैनिकांनी पुरा केला. रेंजरच्या डोक्यावरची सपाट काठाची टोपीही त्या घोडदळाकडूनच आलेली.

पास कुठे चालत नाही

राज्यांच्या पार्कमध्ये हा पास चालत नाही. राज्याची सवलत वेगळी आणि बहुधा जास्त कडक असते. टेक्ससमध्ये सैन्यातल्या नोकरीमुळे ६० टक्के किंवा अधिक अपंगत्व आलेल्यांना स्टेट पार्कचा प्रवेश मोफत आहे. कॅलिफोर्नियात त्यासाठी ५० टक्क्यांची अट आहे.

केंद्राच्या उद्यानांतही प्रवेश सोडून बाकी खर्च आपलाच: कॅम्पिंग, गुहांच्या टूर, लिबर्टीच्या पुतळ्याची फेरी बोट, माउंट रशमोरचं पार्किंग. ग्रेट स्मोकी माउंटन्सला प्रवेश सगळ्यांनाच फुकट आहे, पण मार्च २०२३पासून पार्किंगचा टॅग घ्यावा लागतो आणि त्याला पास चालत नाही.

सर्वांत जास्त हिरमोड होतो तो बुकिंगमुळे. पास म्हणजे आरक्षण नव्हे. रॉकी माउंटनमध्ये उन्हाळ्यात ठरलेल्या वेळेचा परवाना लागतो, अकेडियात कॅडिलॅक शिखराच्या रस्त्यासाठी गाडीचं बुकिंग, झायनमध्ये एंजल्स लँडिंग चढायला लॉटरी. हे नियम दरवर्षी बदलतात, म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका. मोठ्या कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहसा सहा महिने आधी उघडतं आणि मिनिटांत भरतं.

ते हुकलं तर ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या मोकळ्या जमिनी पाहा. या खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे आणि तिच्या बऱ्याच भागात एका जागी १४ दिवसांपर्यंत फुकट तंबू टाकता येतो. नळ नाही, संडास नाही, कचरा परत न्यायचा. सैन्यात राहिलेल्याला हे जमतं. पुण्याहून आलेल्या काकूंना विचारून ठरवा.

वाळवंटात जाताना

डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. नोव्हेंबर ते मार्च सोडून तिथे ट्रेल चालायला जाऊ नये, आणि कच्च्या रस्त्यावर भाड्याची छोटी गाडी घालू नये. माणशी दिवसाला चार लिटर पाणी, सुस्थितीतला जादा टायर, कागदी नकाशा आणि कुठे जातोय, कधी परततोय हे घरी कुणाला तरी लिहून दिलेलं हवं. फोनवरचा मार्गदर्शक बंद रस्त्यावर बेलाशक नेतो. सैन्यात हे सगळं शिकवलेलं असतं, पण सुट्टीवर माणूस सैल होतो. गाडी अडकली तर गाडीजवळच थांबा. वरून शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

कार्ड हरवलं तर बदली कार्ड मिळत नाही. ओळखपत्र घेऊन पुन्हा खिडकीवर जायचं आणि नवा पास काढायचा, तोही फुकटच. ऑनलाइन मागवलात तर प्रक्रिया शुल्क मात्र पुन्हा भरावं लागतं.