समुद्रातल्या कार्बनवर पीएच.डी. करायचीय? आधी मंजुरीपत्रावरची तारीख विचारा

पीएच.डी. करताना ज्युनियर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, दोन वाटांनी मिळते: मार्गदर्शकाच्या मंजूर प्रकल्पातून (प्रोजेक्ट जेआरएफ) किंवा नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन (नेट जेआरएफ). दोन्हींत स्टायपेंड बहुतेक ठिकाणी सारखाच दिसतो. जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं, पुढे सीनियर रिसर्च फेलो (एसआरएफ) झालात की ४२,०००. जाहिरातीतले शब्दही तेच. फरक एवढाच की नेट काढून मिळालेली फेलोशिप तुमच्या नावावर असते आणि पाच वर्षांपर्यंत चालते, तर प्रकल्पातली फेलोशिप प्रकल्पाच्या नावावर असते. प्रकल्प संपला की ती संपली, मग तुमची पीएच.डी. कुठेही अडकलेली असो.

हे बहुतेकांना माहीत असतं. मलाही होतं. मी अडकले ती याच्या पुढच्या गोष्टीत, म्हणून ती सविस्तर सांगते.

प्रकल्पाची तीन वर्षं मोजली जातात ती बहुधा मंजुरीच्या तारखेपासून, तुम्ही रुजू झालात त्या दिवसापासून नव्हे. मंजुरी येते, पहिला हप्ता संस्थेच्या खात्यात पडतो, मग जाहिरात, मुलाखत, रुजू होणं. तोवर निम्मं वर्ष गेलेलं असतं. मग उपकरणाची खरेदी: निविदा, तांत्रिक समिती, माल परदेशातून येणार असेल तर कस्टम्स.

आता याच्या शेजारी समुद्राचं वर्ष मांडा. जगातले समुद्र मिळून माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा शोषतात. आपला अरबी समुद्र मात्र हवेत तो वायू सोडतो, हे १९९०च्या दशकातल्या जेजीओएफएस या आंतरराष्ट्रीय समुद्र-अभ्यासाच्या मोहिमांमधून नीट पुढे आलं. नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी पृष्ठभागाचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि खालचं थंड, कार्बनने भरलेलं पाणी वर येतं. म्हणजे मोजमाप हवं जून ते सप्टेंबरमध्ये, आणि नेमकं तेव्हाच लहान बोटीने बाहेर पडता येत नाही. यांत्रिक मासेमारीही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते. उरतं मोठं जहाज, आणि त्याचं वेळापत्रक तुमच्या हातात नसतं.

तीन वर्षांत पावसाळे तीनच. माझ्या प्रकल्पाचा पहिला पावसाळा मी रुजू व्हायच्या आत सरला. दुसऱ्यात यंत्र आलं नव्हतं. तिसऱ्यात नमुने मिळाले, पण ते मोजून संपायच्या आत मुदत संपत आली. त्यात ३१ मार्च असतोच. खर्चाचा हिशोब आणि उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि हप्ता सुटला नाही की स्टायपेंडही थांबतो. एका वर्षी माझे उन्हाळ्यापासूनचे पैसे गणपतीच्या तोंडावर एकदम आले. तोवर खोलीचं भाडं ताईने भरलं. ज्यांना अशी ताई नाही, त्यांनी काय करायचं? हा प्रश्न मुलाखतीच्या पॅनेलवर कुणालाच पडत नाही, याचा मला आजही राग येतो.

म्हणून मुलाखतीच्या शेवटी ‘काही विचारायचंय का?’ असं म्हणतात, तेव्हा गप्प बसू नका. मंजुरीची तारीख विचारा. यंत्र आलंय की यायचंय ते विचारा. जहाजाचे दिवस कागदावर मिळालेत की नुसते तोंडी ठरलेत तेही विचारा. मुदतवाढ मिळते, घाबरू नका. पण ती बहुधा वाढीव पैशांशिवाय मिळते, हे लक्षात असू द्या. आणि प्रकल्पात असतानाच पुन्हा नेटला बसा. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काय किंवा इतरत्र काय, या वाटेने आत येऊन नंतर स्वतःची फेलोशिप मिळवणं अगदी शक्य आहे.

दुसरा प्रश्न प्रमाणित संदर्भ पाण्याचा, म्हणजे सीआरएमचा: यातला कार्बन आधीच अचूक मोजलेला असतो, आणि आपलं यंत्र बरोबर मोजतंय का ते त्याच्याशी ताडून पाहतात. या बाटल्या वर्षानुवर्षं कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतून येत आल्या आहेत. अंदाजपत्रकात त्यांची तरतूद नसेल तर सावध व्हा. समुद्राच्या एक किलो पाण्यात विरघळलेला अकार्बनी कार्बन, आपला डीआयसी, साधारण २,००० मायक्रोमोल असतो. माणसामुळे वरच्या थरात त्यात वर्षाला भर पडते ती जेमतेम एका मायक्रोमोलची. उत्तम प्रयोगशाळेच्या मोजमापातही अनिश्चितता दोन मायक्रोमोलच्या आसपास असते. संदर्भ पाणी नसेल तर तुम्ही मोजलं काय आणि अंदाज केला काय, सारखंच.

याच कारणासाठी नमुना घेण्याचं काम पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हाताने करा. निस्किन बाटली, म्हणजे खोलवरचं पाणी बंद करून वर आणणारी नळकांडी, डेकवर आली की आधी ऑक्सिजनचा नमुना, लगेच डीआयसीचा. नळी काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी सावकाश सोडायचं, बुडबुडा येऊ द्यायचा नाही, बाटलीभर तरी पाणी वाहून जाऊ द्यायचं. मग मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे आतले जीव श्वसन करून आकडा बदलणार नाहीत. बुचाला ग्रीस लावून ते घट्ट बसवायचं. हे जहाजावरच्या जुन्या टेक्निशियनकडून शिका. मार्गदर्शकाच्या नावामागच्या पेपरांपेक्षा मला हे लोक मोठे वाटतात.

साध्या काचेच्या इलेक्ट्रोडने पीएच घेऊन बाकी सगळं गणिताने काढायची पळवाट कुणी सुचवली, तर नम्रपणे नाही म्हणा. पीएचमध्ये ०.०२ची चूक झाली तरी कार्बन डायऑक्साइडचा दाब सुमारे २० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरने चुकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षाला वाढतो तो दोन-अडीच पीपीएमने, म्हणजे दाबात जवळपास तेवढ्याच मायक्रोअॅटमॉस्फिअरने. बघा, काय हाती लागणार.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या हाताखालच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आधी फोन करा आणि स्टायपेंड वेळेवर मिळतो का ते विचारा. तो क्षणभर जरी अडखळला, तरी दुसरीकडे अर्ज करा: वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, समुद्राची माहिती देणारं हैदराबादचं इन्कॉइस आहे, पुण्याची हवामान संशोधनाची आयआयटीएम आहे.

राहता राहिली बोट लागण्याची भीती. एवढ्यासाठी अर्ज टाळू नका. बहुतेकांना पहिले एक-दोन दिवस लागते, मग सवय होते. गोळी जहाज सुटायच्या आधी घ्या, पोट रिकामं ठेवू नका, आणि पहिल्या स्टेशनच्या, म्हणजे नमुने घ्यायच्या पहिल्या ठिकाणाच्या, बाटल्यांची लेबलं बंदरातच लिहून ठेवा.