साल्हेर-सालोटा एका दिवसात करायचाय? मग आधी सालोटा!

नाशिक जिल्ह्याच्या बागलाणातला साल्हेर म्हणजे महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर, आणि शिखरांमध्ये कळसूबाईच्या (१६४६ मीटर) खालोखाल दुसरा नंबर. त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून सालोटा उभाय, मध्ये फक्त एक खिंड. बरेच ग्रुप साल्हेर करतात, सालोट्याकडे बघतात, फोटो काढतात आणि "पुढच्या वेळी" म्हणून उतरतात. ती पुढची वेळ सहसा येत नाही. पण नीट प्लॅन केला तर दोन्ही एका दिवसात आरामात होतात, फक्त क्रम चुकवायचा नाही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही नेमका तोच चुकवला होता. मोठा गड आधी उरकू म्हणून साल्हेर केला, तिथं रमलो, आणि खिंडीत परत यायला दुपारचा एक वाजला. पाणी निम्म्याच्या खाली, पाय बोलायला लागलेले, कातळ तापलेला, आणि त्यात सालोट्याच्या घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरुमाच्या उतारावर, घुसलो. उतरताना आमच्यातल्या एकाचा पाय दगडासकट सरकला आणि घोटा मुरगळला. त्याला दोघांनी धरून पायथ्याच्या वाघांबे गावात आणेपर्यंत पार अंधार झाला होता. तेव्हापासून मी कुणालाही हेच सांगतो की सालोटा सकाळी, ताज्या पायांनी आणि थंड दगडावर करायचा. साल्हेर मोठा असला तरी वाट बांधीव आहे, तो दमलेल्या माणसालाही सांभाळून घेतो, सालोटा घेत नाही.

आता सुरुवातीपासून सांगतो. नाशिकहून सटाणा, ताहराबाद, मुल्हेर करत वाघांबे गाठायचं, गाडीनं तीन-साडेतीन तास धरून चाला. आदल्या रात्री मुक्कामालाच पोचा, कारण रात्रभर गाडी चालवून तसंच डोंगराला भिडायचं हा प्रकार कातळटप्पे असलेल्या ट्रेकला अजिबात करू नये, झोप नसली की पाय कुठं पडतोय ते कळत नाही. गावात कुणाच्या तरी घरी आधी फोन करून सांगितलं तर ओट्यावर झोपायची सोय आणि नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा मिळतो. वाट माहीत नसेल तर तिथलाच एखादा दादा वाटाड्या म्हणून सोबत घ्या, पैसे आधी मोकळेपणानं बोलून घ्या. आम्ही ज्यांच्या घरी थांबतो त्या मामांना मी एकदा विचारलं होतं, "मामा, नवीन पोरं आहेत, दोन्ही गड जमतील का?" ते म्हणाले, "नऊच्या आत खिंडीत असले तर जमतील, नाहीतर सालोटा सोडा." मी हा नियम आजही पाळतो. खिंडीत नऊ वाजून गेले की सालोटा कॅन्सल, मग ग्रुपमधलं कोण कितीही नाराज होवो.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात बागलाण फार सुंदर दिसतं खरं, पण सालोट्याच्या पायऱ्यांवर शेवाळ आणि वर ढग उतरले की दहा फुटांवरचं दिसत नाही, तेव्हा साल्हेर वेगळा करा पण सालोट्याच्या वाटेला जाऊ नका. उन्हाळ्यात तर नकोच, वाटेत सावली जवळपास नाहीच.

पहाटे साडेपाचला हेडटॉर्च लावून निघा. थंडीच्या दिवसांत इथं कडाक्याचा गारठा असतो, निघताना जॅकेट नकोसं होत नाही, पण अर्ध्या तासात घाम फुटतो म्हणून आत पातळ फुलबाह्यांचा टीशर्ट ठेवा. पाणी माणशी तीन लिटर कमीत कमी, चार असेल तर उत्तम, कारण साल्हेरच्या माथ्यावरच्या कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांपर्यंत भरवशाचं पाणी नाही असं धरूनच चालायचं. शूज ग्रिपवाले, झिजलेले तळवे घेऊन येऊ नका, ॲक्शन कंपनीचे स्वस्तातले असोत की महागातले, तळवा खडबडीत असला म्हणजे झालं. सॅक लहान आणि पाठीला घट्ट बसणारी हवी, बाहेर मॅट किंवा बाटली लोंबकळत असेल तर ट्रॅव्हर्सवर, म्हणजे कड्याला लागून आडव्या जाणाऱ्या वाटेवर, ती कड्याला घासते आणि माणूस बाहेर ढकलला जातो. नवीन लोक असतील तर एक दोर आणि तो वापरता येणारा एक माणूस सोबत हवाच, नुसता दोर नेऊन काही होत नाही.

गावातून खिंडीपर्यंत दीड-दोन तासांची चढाई. वाट मळलेली आहे पण मध्ये ढोरवाटा फुटतात, तेव्हा नजर सतत दोन डोंगरांमधल्या त्या खिंडीवर ठेवायची. खिंडीत पंधरा मिनिटं बसा, खजूर, चिक्की काहीतरी खा, आणि काठ्या इथंच सॅकला बांधून टाका, पुढं दोन्ही हात मोकळे लागणार.

सालोट्याची वाट कड्याच्या पोटातून आडवी जाते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला सरळ उतार, आणि पायाखाली मुरूम आणि सुटे दगड. इथं दोन माणसांत अंतर ठेवा, एकाखाली एक उभं राहू नका, आणि दगड निसटला की लाज न बाळगता जोरात "दगड!" असं ओरडा. डिसेंबरनंतर वाटेवरचं वाळलेलं पिवळं गवत आडवं पडलेलं असतं, त्याच्यावर बूट तेल सांडल्यासारखा घसरतो, म्हणून पाय गवतावर न टाकता बाजूच्या उघड्या मातीत टाच रोवून टाकायचा. आणि गवत धरून वर ओढून घ्यायचं नाही, मुळासकट हातात येतं.

आडवी वाट संपली की कोरीव पायऱ्या आणि दरवाजा लागतो. पायऱ्या कातळातच खोदलेल्या, पण वरून आलेल्या दगडधोंड्यांनी बऱ्याच ठिकाणी बुजलेल्या, त्यामुळे कधी पायरीवर, कधी दगडावर हात टेकत चढावं लागतं. सोपा नियम एकच, दोन हात आणि दोन पाय यातले तीन कायम टेकलेले पाहिजेत, चौथा हलवायचा. कुठलीही खोबण किंवा दगड धरायच्या आधी त्यावर मुठीनं ठोकून बघा. पक्का असेल तर आवाज बंद येतो, सुटा असेल तर पोकळ, टकटक असा येतो. एकदा ऐकलात की फरक लगेच कळतो. हात डोक्याच्या फार वर नेऊन लोंबकळू नका, छातीच्या उंचीवरची पकड शोधा आणि जोर पायांनी लावा. पोटानं कातळाला चिकटून बसलात तर तळवा सुटतो, शरीर थोडं बाहेर ठेवलं की वजन पायावर येतं आणि बूट धरतो. नवीन माणसाला हे पटत नाही, भीतीनं तो चिकटतोच, तेव्हा त्याच्या मागून एक माणूस चढत राहावा आणि पाय कुठं ठेवायचा ते शांतपणे सांगत राहावा.

माथ्यावर फारसं काही शिल्लक नाही, पण समोर साल्हेर जो दिसतो ना, तो इथूनच बघावा. अख्खा कातळ अंगावर येतो. दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि निघा, कारण खरी परीक्षा उतरताना आहे. उतार जिथं उभा आहे तिथं तोंड कातळाकडे करून, शिडी उतरल्यासारखं उतरायचं. पाठ कातळाला लावून बसत बसत येणं सोपं वाटतं पण सॅक अडकते आणि पुढं ढकलते. घाई करायची नाही, साडेदहाच्या आत खिंडीत परतलात तरी भरपूर वेळ आहे.

मग साल्हेर. खिंडीतून चढून कोरीव पायऱ्यांना लागलं की दरवाजे येतात, आणि पुढं ती सुप्रसिद्ध आडवी वाट, एका हाताला ओळीनं कोरलेल्या गुहा आणि दुसऱ्या हाताला दरी. वाट रुंद आहे, घाबरण्यासारखं काही नाही. इथं थांबून मागं वळून बघा, सालोटा समोर उभा असतो आणि तुम्ही सकाळी चढलेली ती आडवी आणि त्या पायऱ्या दिसतात, कुणी त्या वाटेवर असलं तर मुंगीएवढं दिसतं. मला प्रत्येक वेळी इथं दोन मिनिटं बोलावंसं वाटत नाही.

वर पोचलात की पठार, गंगासागर तलाव, जवळच रेणुकामातेचं मंदिर आणि टाक्या. प्यायचं पाणी टाक्यातून घ्या, तलावातून नको, आणि गाळून किंवा औषधाची गोळी टाकून घ्या. टाक्यात हातपाय धुवू नका, मागून येणाऱ्यालाही तेच प्यायचंय. गुहेत सॅक टेकवून सगळ्यात उंच टोकावर परशुरामाच्या छोट्या मंदिरापर्यंत जा. परशुरामानं इथूनच बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण काढलं अशी कथा आहे. तिथून मुल्हेर, मोरा, हरगड, मांगी-तुंगी असा सेलबारी-डोलबारी डोंगररांगांचा सगळा पसारा दिसतो. खाली ज्या मोकळ्या मुलखावर नजर जाते तिथं १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजरांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, सूर्यराव काकडे त्याच लढाईत पडले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत साल्हेर आहे. तेव्हा प्लास्टिकचं एकही पाकीट वर सोडू नका, दुसऱ्याचं दिसलं तर तेही उचलून खाली आणा, हात जोडून सांगतो.

जेवून दोनच्या सुमारास उतरायला लागा, आणि शक्य असेल तर वाघांब्याला परत न जाता पायथ्याच्या दुसऱ्या गावाच्या, साल्हेरवाडीच्या बाजूनं उतरा. ती वाट लांब पण गुडघ्यांना सोपी, पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे बघायला मिळतात ते वेगळंच. गाडी वाघांब्यात असेल तर सकाळीच गावात जीप ठरवून ठेवा, चार-साडेचारला साल्हेरवाडीत न्यायला ये म्हणून. डोंगरात रेंज येते-जाते, वरून फोन करून बोलवू या भरवशावर राहू नका. आणि दुसरा दिवस हातात असेल तर मुल्हेरात मुक्काम करा, मुल्हेर आणि मोरा हीसुद्धा अशीच खिंडीनं जोडलेली जोडी आहे, आणि सालोट्यानंतर ती हलकी वाटेल.